मुक्त लेखकाचा हिशेब आणि आयकर: बिलापासून विवरणपत्रापर्यंत

मुक्त लेखन, अनुवाद किंवा संपादन करणारी बरीच मंडळी कराचा विचार विवरणपत्राची मुदत तोंडावर आल्यावर करतात, आणि तेव्हा त्यांच्या हाती बँकेचे स्टेटमेंट व अर्धवट आठवणी याखेरीज फारसे काही नसते. विवरणपत्र भरताना जो गोंधळ दिसतो, तो प्रत्यक्षात कितीतरी महिने आधी, बिल करताना किंवा आलेली रक्कम नोंदवताना झालेला असतो. त्यामुळे विवरणपत्रापासून मागे जाण्यापेक्षा बिलापासून पुढे जावे. खालील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि तो क्रम मोडू नये.

येथील दर व मर्यादा आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ च्या आहेत. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला लागू होतो आणि त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत. २०२५-२६ च्या उत्पन्नाचा हिशेब मात्र १९६१ च्या कायद्यानेच करायचा असल्यामुळे येथे जुनेच क्रमांक वापरले आहेत.

उदाहरणासाठी पुण्यात भाड्याच्या घरात राहून काम करणारी एक लेखिका घेऊ. तिच्या वर्षभराच्या जमेत मुंबईच्या जाहिरात संस्थेकडून ६,००,००० रुपये, प्रकाशकाकडून रॉयल्टीचे ७०,०००, दिवाळी अंक व वृत्तपत्रांकडून मिळून ८०,००० आणि एका परदेशी ग्राहकाकडून ११,००,००० रुपये आहेत. एकूण जमा १८,५०,००० रुपये होते.

टप्पा १: वर्ष सुरू होण्यापूर्वीची तयारी

लेखनाच्या व्यवहारासाठी बँकेत वेगळे खाते ठेवावे. ते चालू खातेच असले पाहिजे असे नाही, स्वतःच्या नावाचे दुसरे बचत खातेही चालते. मात्र सगळी मानधने त्याच खात्यात यावीत, व्यवसायाचे सगळे खर्च त्यातूनच जावेत आणि घरखर्चासाठी लागणारी रक्कम महिन्यातून एकदा आपल्या घरच्या खात्यात वळती करावी. हे एवढे केले तरी वर्षाअखेरीचे निम्मे काम हलके होते.

पॅन आधारशी जोडलेले आहे याची आयकर पोर्टलवर खात्री करून घ्यावी. जोडणी नसल्याने पॅन निष्क्रिय झाले असेल, तर रक्कम देणारा १० टक्क्यांऐवजी २० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारात भरायचा कर, कापतो.

महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकांना व्यवसायकराची नावनोंदणी लागते. तिला पीटीईसी म्हणतात. आपले काम व्यवसायकर कायद्याच्या अनुसूचीतील कोणत्या नोंदीत बसते ते पाहून महाजीएसटीच्या पोर्टलवर नोंदणी करावी आणि वर्षाचे २,५०० रुपये ३० जूनपूर्वी भरावेत. नोकरदाराचा व्यवसायकर पगारातून कापला जातो, मुक्त व्यावसायिकाला मात्र आठवण करून देणारे कोणी नसते, म्हणून तो राहून जातो. गोव्यात हा करच नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून सरकारकडची नोंदणी, हीही याच वेळी करावी. ती विनामूल्य आहे आणि तिचा उपयोग पुढच्या टप्प्यात सांगितला आहे.

टप्पा २: बिल

प्रत्येक बिलावर आर्थिक वर्षभर सलग चालणारा क्रमांक, तारीख, दोन्ही पक्षांची नावे व पत्ते, आपला पॅन, कामाचे वर्णन, दर व परिमाण, एकूण रक्कम, पैसे देण्याची मुदत आणि बँकेचा तपशील असावा. ‘लेखनकाम’ एवढेच वर्णन पुरेसे नसते. ‘कंपनीच्या वार्षिक अहवालाचा इंग्रजीतून मराठीत अनुवाद, १६,००० शब्द, प्रतिशब्द अडीच रुपये’ असे लिहिले, तर दोन वर्षांनी चौकशी झाली तरी त्या बिलाचा उलगडा होतो.

आता हेच बिल जवळून पाहू. रक्कम ४०,००० रुपये आहे. जाहिरात संस्था कलम १९४जे खाली १० टक्के, म्हणजे ४,००० रुपये कापते आणि खात्यात ३६,००० जमा होतात. लेखिकेचे उत्पन्न किती? ४०,०००. कापलेले चार हजार हा तिच्या नावाने आधीच भरलेला कर आहे. खात्यात आलेली रक्कम उत्पन्न म्हणून दाखवणे ही या व्यवसायातली सर्वांत मोठी आणि सर्वांत नेहमीची चूक आहे. आयकर विभागाकडे ४०,००० चा आकडा पोचलेला असतो, त्यामुळे ती लपतही नाही.

एकाच देणाऱ्याकडून व्यावसायिक शुल्कापोटी वर्षभरात ५०,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळाली, तर या कलमाखाली टीडीएस कापण्याचे बंधन नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून वाढली आहे. मर्यादा ओलांडली की आधीच्या रकमांवरचाही टीडीएस पुढच्या एखाद्या बिलातून एकदम कापला जाऊ शकतो. असे झाल्यास लेखा विभागाशी वाद घालण्यापूर्वी वर्षाची बेरीज करून पाहावी.

सावधान: जीएसटी नोंदणी नसेल तर बिलावर जीएसटी लावता येत नाही. नोंदणी असेल तर तो वेगळ्या ओळीत दाखवावा, कारण वेगळा दाखवल्यास टीडीएस मूळ रकमेवरच कापला जातो. वरच्याच बिलावर १८ टक्क्यांनी ७,२०० रुपये जीएसटी लागला, तर एकूण ४७,२०० होतात, टीडीएस ४,००० च राहतो आणि खात्यात ४३,२०० येतात. त्यातले ७,२०० आपले नसून सरकारात भरायचे आहेत. ते दुसऱ्या खात्यात काढून ठेवलेले बरे.

थकबाकीचा प्रश्न प्रत्येक लेखकाला भेडसावतो. उद्यम नोंदणी असेल तर तिचा क्रमांक बिलावर छापावा. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास त्यातल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत देणे कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय कलम ४३बी(एच) प्रमाणे मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट देणाऱ्या कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत मिळत नाही. मार्चमध्ये लेखा विभागाला हे कलम नम्रपणे आठवून दिले, तर नुसत्या विनवणीपेक्षा अधिक परिणाम होतो.

टप्पा ३: दरमहाची जमानोंद

महिन्याअखेरीस एकदा बसून तक्त्यात प्रत्येक बिलाची एक ओळ भरावी. त्यात बिल क्रमांक, बिलाची तारीख, देणारा, एकूण रक्कम, टीडीएस, बँकेत आलेली रक्कम आणि ती आल्याची तारीख असे रकाने ठेवावेत. परदेशी रकमेसाठी मूळ चलनातली रक्कम, बँकेने लावलेला दर आणि मध्यस्थ संकेतस्थळाचे कमिशन हे रकाने जोडावेत. संकेतस्थळाने हजार डॉलरमधून शंभर कापून नऊशे पाठवले, तर जमा हजारांची आणि खर्च शंभराचा असतो. अशा प्रत्येक रकमेचे बँकेकडून मिळणारे परकीय आवक प्रमाणपत्र लगेच मागून घ्यावे, कारण जुनी प्रमाणपत्रे काढताना फार हेलपाटे घालावे लागतात.

हिशेब कोणत्या पद्धतीने ठेवायचा हे पहिल्याच वर्षी ठरवावे. रोख पद्धतीत पैसे हाती आल्यावर उत्पन्न धरतात, व्यापारी पद्धतीत काम पूर्ण होऊन रक्कम येणे झाली की धरतात. लहान व्यावसायिकाला पहिली सोपी जाते. दोन्ही मान्य आहेत, मात्र एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी सोयीप्रमाणे दुसरी असे चालत नाही.

या निवडीचा खरा कस मार्चच्या बिलावर लागतो. समजा, २८ मार्च २०२६ चे ५०,००० रुपयांचे बिल आहे. संस्थेने ते मार्चमध्येच आपल्या वहीत घेतले, ५,००० रुपये टीडीएस त्याच वर्षात भरला, आणि लेखिकेला ४५,००० मिळाले १० मे रोजी. आपल्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर विभागाच्या फॉर्म २६एएसमध्ये हे पाच हजार २०२५-२६ चे म्हणून दिसतात. व्यापारी पद्धत असेल तर उत्पन्न आणि टीडीएस दोन्ही याच वर्षी दाखवायचे. रोख पद्धत असेल तर उत्पन्न पुढच्या वर्षाचे ठरते आणि टीडीएसही पुढे न्यावा लागतो. त्यासाठी विवरणपत्राच्या टीडीएस तक्त्यात स्वतंत्र रकाना असतो. टीडीएस या वर्षी मागायचा आणि उत्पन्न पुढच्या वर्षी दाखवायचे, असे केल्यास तफावतीची सूचना येण्याची शक्यता दाट असते.

तपासणी: महिन्याअखेरीस ‘एकूण रक्कम वजा टीडीएस वजा कमिशन, अधिक जीएसटी’ हा आकडा बँकेतल्या जमेशी जुळला पाहिजे. फरक शंभर रुपयांचा असला तरी त्याच महिन्यात शोधावा.

टप्पा ४: खर्च

खर्च पूर्णतः व्यवसायासाठी झालेला असावा आणि त्याचे बिल आपल्या नावाचे असावे, या दोन कसोट्या बहुतेक वेळा पुरतात. इंटरनेट, संदर्भग्रंथ, शब्दकोश, सॉफ्टवेअरची वर्गणी, मुद्रितशोधकाला दिलेले पैसे, कामासाठीचा प्रवास, सीएची फी, बँकेचे शुल्क आणि वर सांगितलेला व्यवसायकर हे खर्च सहज बसतात. समारंभासाठी घेतलेली पैठणी बसत नाही, मग तो समारंभ पुस्तक प्रकाशनाचा का असेना.

घरातून काम करणाऱ्याने भाडे आणि वीज यांचा वाजवी वाटा काढावा. आपल्या लेखिकेचे घर ६०० चौरस फुटांचे, कामाची खोली ९० चौरस फुटांची, म्हणजे १५ टक्के. भाडे २०,००० असल्यास महिन्याला ३,००० रुपये खर्चात धरता येतात. हे गणित एका कागदावर लिहून भाडेकराराला जोडून ठेवावे. ‘सगळेच अर्धे धरतात’ हे चौकशीत सांगण्यासारखे उत्तर नव्हे.

लॅपटॉपची पूर्ण किंमत खर्चात टाकणे ही दुसरी सर्रास होणारी चूक आहे. त्यावर ४० टक्के घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी किमतीचा काही भाग वजा करण्याची सोय, मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्याच्या निम्मा. डिसेंबरमध्ये घेतलेल्या ७०,००० च्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी १४,००० रुपये आणि पुढच्या वर्षी उरलेल्या ५६,००० वर २२,४०० रुपये वजा होतात.

सावधान: एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रोख दिले, तर तो खर्च मान्य होत नाही. टंकलेखक किंवा मुद्रितशोधक ओळखीचा असला तरी पैसे खात्यावरच पाठवावेत.

टप्पा ५: जीएसटीच्या मर्यादेवर नजर

महाराष्ट्र व गोव्यात सेवा पुरवणाऱ्यासाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपये आहे. ती उलाढालीची आहे, नफ्याची नव्हे, आणि एका पॅनवरच्या देशभरातल्या सगळ्या उलाढालीला मिळून आहे. परदेशी ग्राहकाच्या कामावर कर लागत नाही म्हणून ती रक्कम या बेरजेत धरायची नाही, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. आपली लेखिका १८.५ लाखांवर आहे आणि त्यातले अकरा लाख निर्यातीचे आहेत. पुढच्या वर्षी एक मोठे काम मिळाले की ती मर्यादा ओलांडेल. म्हणून दरमहाच्या तक्त्यात एप्रिलपासूनची चढती बेरीज दाखवणारा रकाना असावा. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत नोंदणीचा अर्ज करावा लागतो.

नोंदणीनंतर परदेशी कामावर कर न भरता निर्यात करायची, तर दर आर्थिक वर्षी हमीपत्र ऑनलाइन दाखल करावे लागते. त्याला एलयूटी म्हणतात आणि गेल्या वर्षीचे या वर्षी चालत नाही.

प्रकाशकाला मूळ साहित्यकृतीचे हक्क वापरू दिल्याबद्दल मिळणाऱ्या रॉयल्टीवरील जीएसटी सर्वसाधारणपणे प्रकाशकाने भरायचा असतो. ती सवलत फक्त त्या रॉयल्टीपुरती आहे. जाहिरातीचा मजकूर किंवा अनुवादाचे शुल्क तिच्यात बसवू नये.

टप्पा ६: दर तिमाहीची पडताळणी

आयकर पोर्टलवरून फॉर्म २६एएस आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घ्यावे आणि आपल्या तक्त्यातल्या टीडीएसशी एकेक ओळ ताडून पाहावी. देणाऱ्यांकडून फॉर्म १६ए, म्हणजे टीडीएसचे प्रमाणपत्र, मागावा. टीडीएस कापला पण २६एएसमध्ये दिसत नाही, याचा अर्थ बहुधा देणाऱ्याने तो भरलेला नाही, पॅन चुकीचा टाकला आहे किंवा तिमाही विवरण उशिरा दिले आहे. तिमाहीतच कळले तर एका ईमेलने दुरुस्ती होते, पण पुढच्या जुलैपर्यंत त्या संस्थेतला माणूस बदललेला असतो. एआयएसमध्ये आपली नसलेली रक्कम दिसल्यास तेथेच अभिप्राय नोंदवावा.

टप्पा ७: अनुमानित उत्पन्न की प्रत्यक्ष हिशेब

कलम ४४एडीएखाली जमेच्या ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवता येते आणि खर्चाची बिले सांभाळावी लागत नाहीत. जमा ५० लाखांपर्यंत आणि रोखीचा भाग ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत ही सोय आहे. मात्र ती सगळ्याच व्यवसायांना नाही. यादीत वकिली, वैद्यक, अभियांत्रिकी, वास्तुकला, लेखापालन, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट असे ठरावीक व्यवसाय आहेत. चित्रपट कलावंतांच्या व्याख्येत चित्रपटाचे कथालेखक, पटकथालेखक, संवादलेखक आणि गीतकार येतात. सर्वसाधारण लेखक, अनुवादक किंवा जाहिरात लेखक यांचे नाव तेथे नाही. ‘सगळे फ्रीलान्सर हेच कलम लावतात’ एवढ्या आधारावर ते निवडू नये. आपले काम यादीत बसते असे सीएचे मत असेल तर ते लेखी घ्यावे. माझा कल अशा वेळी प्रत्यक्ष हिशेबाकडेच आहे, कारण वरचे टप्पे पाळले असतील तर तो हिशेब तयारच असतो.

आपल्या लेखिकेचा प्रत्यक्ष खर्च घसाऱ्यासह ३,२०,००० रुपये, म्हणून उत्पन्न १५,३०,००० रुपये.

टप्पा ८: कराची आकारणी आणि आगाऊ कर

नव्या करपद्धतीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ वर १० आणि १२ ते १६ वर १५ टक्के आहे. लेखिकेचा कर २०,००० अधिक ४०,००० अधिक ४९,५००, म्हणजे १,०९,५०० रुपये होतो आणि ४ टक्के उपकरासह १,१३,८८०.

जुनी पद्धत तपासायची तर कलम ८०क्यूक्यूबी विसरू नये. साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय पुस्तकांच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंतची ही वजावट फक्त जुन्या पद्धतीत मिळते, तिला प्रकाशकाचे फॉर्म १०सीसीडीमधले प्रमाणपत्र लागते, आणि पाठ्यपुस्तके व नियतकालिके तिच्यात येत नाहीत. लेखिकेची पूर्ण ७०,००० ची रॉयल्टी आणि कलम ८०सीचे दीड लाख वजा झाले असे धरले, तरी जुन्या पद्धतीत उपकरासह २,१३,७२० रुपये कर येतो. म्हणजे या उदाहरणात नवी पद्धतच सरस ठरते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याला जुनी पद्धत घ्यायची असल्यास विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी फॉर्म १०-आयईए भरावा लागतो, आणि त्यातून नव्या पद्धतीत परतण्याची संधी एकदाच मिळते. पगारदाराप्रमाणे दरवर्षी इकडून तिकडे जाता येत नाही.

सावधान: ‘पावणेतेरा लाखांपर्यंत कर नाही’ हे पगारदारांचे गणित आहे. त्यातले ७५,००० रुपये प्रमाणित वजावटीचे असतात आणि ती मुक्त व्यावसायिकाला मिळत नाही. वरच्या दरांनी आलेला कर सवलतीमुळे (रिबेट) पूर्ण माफ होण्याची मर्यादा आपल्यासाठी १२ लाखच आहे.

टीडीएस वजा जाता कर १०,००० किंवा अधिक असेल, तर आगाऊ कर भरावा लागतो. लेखिकेचा टीडीएस जाहिरात संस्थेचा ६०,००० आणि प्रकाशकाचा ७,०००. परदेशी ग्राहक टीडीएस कापत नाही, दिवाळी अंकांच्या रकमा मर्यादेखालच्या. राहिले ४६,८८० रुपये. ते असे भरायचे:

१५ जूनपर्यंत १५ टक्के, एकूण ७,०३२ रुपये.
१५ सप्टेंबरपर्यंत ४५ टक्के, एकूण २१,०९६ रुपये.
१५ डिसेंबरपर्यंत ७५ टक्के, एकूण ३५,१६० रुपये.
१५ मार्चपर्यंत १०० टक्के, एकूण ४६,८८० रुपये.

हे चढते आकडे आहेत, म्हणजे सप्टेंबरमध्ये प्रत्यक्ष भरायचे १४,०६४. हप्ता चुकल्यास महिन्याला १ टक्का व्याज लागते. लेखकाचे उत्पन्न दिवाळीच्या आसपास एकदम वाढते, म्हणून डिसेंबरच्या हप्त्यापूर्वी अंदाज नव्याने करावा. ४४एडीए घेतलेल्यांना पूर्ण रक्कम १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येते.

सावधान: चलनावर वर्ष निवडताना नीट वाचावे. ‘करनिर्धारण वर्ष २०२६-२७’ म्हणजे २०२५-२६ चे उत्पन्न, तर नव्या कायद्यातील ‘कर वर्ष २०२६-२७’ म्हणजे त्याच वर्षीचे उत्पन्न. आकडे तेच, वर्षे वेगळी.

टप्पा ९: विवरणपत्र

प्रत्यक्ष हिशेब असेल तर आयटीआर-३, अनुमानित उत्पन्न असेल तर आयटीआर-४. पगार नाही म्हणून आयटीआर-१ चालेल, किंवा मानधन ‘इतर उत्पन्ना’त दाखवले म्हणजे झाले, असे समजू नये. लेखन हा नियमित व्यवसाय असेल तर ते व्यवसायाचेच उत्पन्न आहे, आणि ‘इतर’मध्ये टाकल्यावर लॅपटॉपचा घसारा व घराचा वाटा मागणेही अवघड होते. अंतिम तारीख पोर्टलवर पाहावी, २०२५ मध्ये ती पुढे ढकलली गेली होती. उशीर झाल्यास ५,००० रुपयांपर्यंत शुल्क लागते.

भरण्याचा क्रम असा ठेवावा. आधी एआयएस व २६एएस पुन्हा उतरवून तक्त्याशी जुळवावे, मग नफातोटा भरावा, मग टीडीएसच्या ओळी तपासाव्यात, मग आगाऊ कराची चलने जोडावीत, आणि उरलेला कर असल्यास तो स्वयंनिर्धारण कर म्हणून भरून त्याचे चलन टाकल्यावरच विवरणपत्र सादर करावे. परदेशात कर कापला गेला असेल तर त्याच्या वजावटीसाठी फॉर्म ६७ वेगळा भरावा लागतो.

तपासणी: सादर केल्यापासून ३० दिवसांत ई-पडताळणी झाली पाहिजे, नाहीतर विवरणपत्र भरलेच नाही असे धरले जाते. परतावा येणार असेल तर बँक खाते पोर्टलवर आधीच वैध करून घ्यावे.

बिले, बँक स्टेटमेंट, चलने, फॉर्म १६ए, आवक प्रमाणपत्रे आणि भाड्याच्या वाट्याचा तो कागद हे सर्व वर्षाच्या नावाच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवून त्याची दुसरी प्रत घ्यावी, आणि करनिर्धारण वर्ष संपल्यापासून किमान सहा वर्षे ते काढून टाकू नये.